‘फक्त गेमबद्दल बोला’ म्हणजे नक्की कशाबद्दल गप्प बसा?

व्हिडिओ गेमवरच्या पॉडकास्टबद्दल श्रोते दोन तक्रारी करतात आणि त्या बहुतेकदा एकाच दमात करतात. पहिली, सूत्रसंचालन बिघडलं आहे. दुसरी, ही मंडळी गेम सोडून समाजाबद्दलच फार बोलतात. मला या दोन तक्रारींची फारकत करायची आहे. पहिलीत पुष्कळदा तथ्य असतं, दुसरी मुळातच पोकळ आहे. दोन्ही एकत्र केल्या की पहिलीच्या आडून दुसरी खपवता येते. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे आणि मला त्याची चीड आहे.

‘वेपॉइंट रेडिओ’ हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. अमेरिकेतल्या ‘व्हाइस’ या माध्यमसंस्थेनं ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘वेपॉइंट’ हा गेमविभाग सुरू केला. ऑस्टिन वॉकर हे त्याचे संपादक. सोबत पॅट्रिक क्लेपेक, डॅनिएल रिएन्डो आणि पुढे रॉब झॅक्नी. या विभागाच्या पॉडकास्टवर नवे गेम खेळून त्यांची चर्चा होई, जुन्या गेमची उजळणी होई आणि त्याच ओघात गेम बनवणाऱ्यांचे पगार, कामाचे तास, कपात, वंशभेद, युद्ध, पोलीस हे विषयही येत. मार्च २०१७ मध्ये त्यांनी तुरुंग आणि गेम यांच्या नात्यावर आठवडाभराची लेखमाला चालवली. गेमविषयक पत्रकारितेत असं काम फार थोड्यांनी केलं आहे. या मंडळींना पहिल्या दिवसापासून ‘राजकारण थांबवा, गेमबद्दल बोला’ हा घोष ऐकावा लागला.

आधी पहिल्या तक्रारीला तिचा मान देतो. श्रोता आपल्या आयुष्यातले दोन-तीन तास देतो, त्यामुळे सूत्रसंचालनाबद्दल कठोर बोलण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. मीही कठोरच बोलणार. गेमवरचे बहुतेक पॉडकास्ट लांबण लावतात. पहिली वीस मिनिटं जेवणखाण आणि हवामानावर जातात. तिघं एकाच वेळी बोलतात आणि कुणाचंच धड ऐकू येत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या विनोदावर सगळे हसतात आणि नव्या श्रोत्याला दाराबाहेर उभं ठेवतात. चाळीस तासांचा गेम दोन तास खेळून त्याच्यावर ठाम निकाल देतात. पाहुण्याला बोलावतात आणि त्याला एकही नेमका प्रश्न विचारत नाहीत. हा आळस आहे. त्याला आळसच म्हटलं पाहिजे.

चांगलं सूत्रसंचालन म्हणजे काय हे ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी ‘जायंट बॉम्बकास्ट’चे रायन डेव्हिस यांच्या काळातले भाग ऐकावेत. डेव्हिस २०१३ च्या जुलैमध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी गेले. चार-पाच जणांच्या गोंगाटात विषय कुठे वळवायचा, कुणाला बोलतं करायचं, कधी थांबायचं याची त्यांची जाण विलक्षण होती. गप्पा सैल वाटत, पण दोर कधी सुटत नसे. हे कौशल्य आहे, ते मेहनतीनं येतं आणि त्याचा अभाव श्रोत्याला लगेच जाणवतो. तेव्हा ‘अमुक सूत्रसंचालक दुसऱ्याला बोलू देत नाही’ अशी तक्रार कुणी केली तर ती मी मन लावून ऐकेन.

पण अशा तक्रारी एकेक करून तपासा. ‘दुसऱ्याला बोलू देत नाही’ हे तपासता येतं. ‘गेम न खेळता बोलतो’ हेही तपासता येतं. ‘तिचा आवाज सहन होत नाही’ याचं काय करायचं? ‘तो सारखा उपदेश करतो’ हे वाक्य भागातल्या सत्तर मिनिटांच्या गेमचर्चेनंतर आलेल्या पाच मिनिटांना उद्देशून असेल, तर त्याला सूत्रसंचालनाची समीक्षा म्हणायचं का?

आवाजाबद्दलच्या तक्रारींचा एक पुरावा गेमच्या बाहेरचा आहे आणि तो निर्विवाद आहे. ‘धिस अमेरिकन लाइफ’ हा अमेरिकेतला नावाजलेला रेडिओ कार्यक्रम. त्यातल्या तरुण महिला वार्ताहरांच्या घोगऱ्या, खर्जात घसरणाऱ्या आवाजाबद्दल श्रोते संतापून पत्रं पाठवत. २०१५ च्या जानेवारीत कार्यक्रमानं त्या पत्रांवरच एक प्रकरण केलं. सूत्रसंचालक आयरा ग्लास यांनी तिथं स्पष्ट सांगितलं की त्यांचा स्वतःचा आवाजही तसाच घसरतो आणि त्याबद्दल त्यांना कुणीही तक्रार पाठवलेली नाही. म्हणजे दोष तोच, माणूस वेगळा आणि राग फक्त स्त्रियांवर. ‘मला फक्त आवाजाचा त्रास होतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण ऐकावं आणि मग आपल्या तक्रारीकडे पुन्हा पाहावं.

गेमच्या जगात हे अधिक उग्र झालं. २०१४ च्या उन्हाळ्यात ‘जायंट बॉम्बकास्ट’ चालवणाऱ्या ‘जायंट बॉम्ब’ या संकेतस्थळानं दोन नवे लोक नेमले. दोघंही गोरे पुरुष होते आणि आधीचा चमूही तसाच होता. यावर बोट ठेवणाऱ्या लेखिकेवर शिव्यांचा असा भडिमार झाला की तिनं गेमवर लिहिणंच थांबवलं. लगेच ऑगस्टमध्ये ‘गेमरगेट’ सुरू झालं. पत्रकारितेतल्या नीतिमत्तेचं नाव घेऊन स्त्रियांना धमकावण्याची ती मोहीम होती. ऑक्टोबरमध्ये समीक्षक अनिता सरकीसियन यांचं युटा राज्यातल्या विद्यापीठातलं भाषण गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द करावं लागलं. वेपॉइंट सुरू झालं ते याच्या दोन वर्षांनी. त्या धगीतून गेलेल्या पत्रकारांनी समाजाबद्दल बोलू नये अशी अपेक्षा करणं हा कोडगेपणा आहे.

आता दुसऱ्या तक्रारीकडे येतो. ती एका खोट्या आठवणीवर उभी आहे. आठवण अशी की पूर्वी गेमवरच्या गप्पा निर्भेळ होत्या, कुणी राजकारण आणत नव्हतं आणि ‘जायंट बॉम्बकास्ट’ हा त्या सुवर्णकाळाचा नमुना होता. खरा इतिहास पाहा. जेफ गर्स्टमन हे ‘गेमस्पॉट’ या संकेतस्थळावर समीक्षक होते. २००७ मध्ये त्यांनी ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्याच वेळी ‘गेमस्पॉट’वर त्याच गेमच्या मोठ्या जाहिराती झळकत होत्या. नोव्हेंबरअखेर गर्स्टमन यांना कामावरून काढण्यात आलं. कराराच्या बंधनामुळे ते काही वर्षं बोलू शकले नाहीत. २०१२ मध्ये बंधन सुटलं तेव्हा त्यांनी सांगितलं की जाहिरातदार कंपनीच्या दबावापुढे व्यवस्थापन वाकलं होतं. त्यांच्यामागोमाग सहकारी बाहेर पडले आणि २००८ मध्ये ‘जायंट बॉम्ब’ उभं राहिलं.

म्हणजे ‘फक्त गेम’वाल्यांचा लाडका पॉडकास्टच मुळात नोकरी, पैसा आणि सत्ता यांच्या झगड्यातून जन्मला. गुण सहा द्यायचे की आठ, हा त्यांना निव्वळ गेमचा प्रश्न वाटतो. त्या एका आकड्यापायी एका माणसाची नोकरी गेली. श्रोत्याला विश्वासानं गेम विकत घेता यावा यासाठी समीक्षक स्वतंत्र हवा. तो स्वतंत्र राहतो की नाही हे मालक ठरवतो, जाहिरातदार ठरवतो. मग मालकाबद्दल आणि जाहिरातदाराबद्दल बोलणं गेमबाह्य कसं?

गेमच्या आत पाहिलं तर हा दावा आणखी कोसळतो. २०१९ चा ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ घ्या. त्यात ‘हायवे ऑफ डेथ’ नावाच्या रस्त्याचा उल्लेख येतो आणि तिथला संहार रशियानं केला असं सांगितलं जातं. या नावाचा रस्ता खरोखर आहे. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतहून बसराकडे माघार घेणाऱ्या इराकी वाहनांच्या ताफ्यावर तिथं अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी बाँबवर्षाव केला होता. खेळणाऱ्या पोराच्या डोक्यात इतिहास उलटा करून भरला जातो. हे सूत्रसंचालकानं सांगायचं नाही? त्यानं फक्त बंदुकीचा धक्का किती जाणवतो तेवढंच सांगायचं?

‘द डिव्हिजन २’मध्ये वॉशिंग्टन शहर उद्ध्वस्त झालं आहे, सरकार कोलमडलं आहे आणि हत्यारबंद गुप्त हस्तक रस्त्यावर उतरले आहेत. २०१८ मध्ये त्याच्या निर्मात्यांपैकी एकानं मुलाखतीत सांगितलं की आम्ही कोणतंही राजकीय विधान करत नाही. राजधानीत सशस्त्र माणसं फिरवायची, कुणाला मारायचं ते ठरवायचं आणि वर आमचं काही म्हणणं नाही असं म्हणायचं, हा भित्रेपणा आहे. सगळ्या बाजूंच्या गिऱ्हाइकांना माल विकता यावा एवढाच त्यामागचा हेतू असतो. कंपनीला हे बोलणं सोयीचं आहे, ते मी समजू शकतो. श्रोत्यानं कंपनीच्या सोयीचं स्वतःच्या तोंडानं का बोलावं?

आणि गेम बनतात कसे? ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ येण्याच्या तोंडावर तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीचे डॅन हाउझर आठवड्याला शंभर तास काम केल्याचं मुलाखतीत बोलून गेले. नंतर त्यांनी खुलासा केला की ते फक्त वरिष्ठ लेखकांच्या लहान गटाबद्दल आणि तीन आठवड्यांबद्दल होतं. पण तोवर इतर कर्मचारीही आपल्या जादा तासांबद्दल बोलू लागले होते. त्याच्या महिनाभर आधी ‘द वॉकिंग डेड’ हा गाजलेला गेम बनवणाऱ्या टेलटेल कंपनीनं सुमारे २५० जणांना एकाच दिवशी घरी पाठवलं, नुकसानभरपाईचा एक पैसा न देता.

जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या गेमकंपनीवर स्त्रियांचा छळ आणि वेतनातला भेदभाव यासाठी खटला भरला. आठवड्याभरात कर्मचारी काम थांबवून कार्यालयाबाहेर उभे राहिले. केंद्रीय यंत्रणेशी कंपनीनं १ कोटी ८० लाख डॉलरला समझोता केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्याशी, मुख्यतः वेतनभेदाच्या मुद्द्यावर, सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरला. दरम्यान मायक्रोसॉफ्टनं हीच कंपनी ६,८७० कोटी डॉलरला विकत घेतली. व्यवहार ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या गेमविभागातल्या १,९०० लोकांना काढलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘हाय-फाय रश’ला ॲनिमेशनसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला आणि मे महिन्यात तो बनवणारा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टनं बंद करायचं जाहीर केलं.

हे सगळं ऐकून ‘मला फक्त गेमबद्दल ऐकायचं आहे’ म्हणणाऱ्याला माझा सरळ प्रश्न आहे. तुला ‘हाय-फाय रश’चा पुढचा भाग हवा आहे ना? तो येईल की नाही हे कशावर अवलंबून आहे? गेमच्या नियंत्रणावर, रंगांवर, तालावर? ते तर उत्तमच होतं, बक्षीसही मिळालं होतं. स्टुडिओचं भवितव्य ठरलं मालकाच्या हिशेबात. गेमवर प्रेम करणाऱ्या माणसाला त्या हिशेबाशी देणंघेणं नसेल तर त्याचं प्रेम फार उथळ आहे.

आपल्याकडच्या श्रोत्यांत मला याच मताचे लोक भेटतात आणि त्यांच्याबद्दल मला अधिक राग येतो, कारण हा विषय त्यांच्या दाराशी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्ट या गेमकंपनीनं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती जाहीर केली. काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. इतक्या मोठ्या नावाच्या गेमची मुख्य जबाबदारी या दोन शहरांनी घेणं ही केवढी मोठी गोष्ट! झलक आली आणि जगभरातून तिच्या चित्रणाची टिंगल झाली. तारीख पुढे गेली, पुन्हा गेली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवण्यात आलं. टिंगल करणं सोपं होतं. मला असा सूत्रसंचालक हवा जो विचारेल की या चमूला किती वेळ दिला होता, किती अनुभवी माणसं दिली होती, निर्णय कोण घेत होतं आणि अपयशाचं खापर कुणावर फुटलं. पुण्यात बसून त्या झलकेवर हसणाऱ्या आणि हे प्रश्न ‘राजकारण’ ठरवणाऱ्या तरुणाला आपल्याच गावातल्या कारागिरांची किंमत नाही. त्याच २०२० च्या उन्हाळ्यात याच कंपनीच्या फ्रान्समधल्या वरिष्ठांवर छळाचे आरोप झाले आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. पुण्या-मुंबईतली आपली पोरं ज्या कंपनीसाठी राबतात तिच्या मुख्यालयात काय चाललं होतं हे आपल्याला कळायला नको?

आणि ज्याला यातलं काही पटत नाही त्यानं २ सप्टेंबर २०२० आठवावा. गलवानच्या चकमकीनंतरच्या तणावात केंद्र सरकारनं त्या दिवशी ११८ ॲपवर बंदी घातली आणि त्यात पबजी मोबाइल होता. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पोरांचा रोजचा खेळ एका आदेशानं बंद झाला. पुढच्या वर्षी तो नव्या नावानं आला, २०२२ मध्ये पुन्हा ॲप स्टोअरमधून गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. सीमेवरचा संघर्ष, चिनी भागीदारी, विदा कुठे साठवला जातो याची भीती, यातला कुठला विषय टाळून पबजीवर अर्धा तास बोलता येईल? बोलूनच दाखवावं कुणीतरी.

विरोधी बाजूचा एकच युक्तिवाद मला विचार करण्याजोगा वाटतो. माणूस दिवसभर राबतो, लोकलमध्ये किंवा बसमध्ये उभं राहून घरी येतो, कानात पॉडकास्ट लावतो तो जरा विसावा मिळावा म्हणून. त्याला तिथंही कपातीच्या बातम्या आणि युद्धाचे हिशेब ऐकायचे नसतील तर तो गुन्हेगार नाही. मान्य. विसावा ही गरज आहे. निव्वळ हसण्याखेळण्याचे पॉडकास्ट ढिगानं आहेत, ते त्यानं खुशाल ऐकावेत. पण त्याला ते पुरत नाही. त्याला वेपॉइंटसारखा वेगळा चमूही गप्प झालेला हवा असतो. विसावा हवा असलेला माणूस दुसरा कार्यक्रम लावतो. दुसऱ्याचं तोंड बंद करायला निघालेला माणूस विसावा शोधत नसतो, तो पहारा देत असतो. आणि एक विचारतो, विसावा कुणाचा? स्त्री श्रोत्याला गेममधल्या ऑनलाइन सामन्यात तोंड उघडताच शिव्या खाव्या लागतात. तिच्या अनुभवाबद्दल पॉडकास्टवर पाच मिनिटं बोलणं झालं तर तिला कधी नव्हे तो दिलासा मिळतो. तिचा विसावा तुमच्या विसाव्याहून कमी मोलाचा का?

खेळाबद्दल बोलणाऱ्यानं समाजाबद्दल बोललं की त्याची खेळातली समज संशयास्पद होते, ही समजूत आपण इतरत्र मानत नाही. जुलै २०२० मध्ये साउदॅम्प्टनच्या कसोटीत पाऊस पडत असताना मायकेल होल्डिंग समालोचनाच्या जागेवरून वंशभेदावर बोलले.  होल्डिंगना क्रिकेट कळत नाही असं म्हणणारा माणूस स्वतःचंच हसं करून घेईल. खेळ ज्याला आतून कळतो त्यालाच त्याच्या मैदानावरचा अन्याय आधी दिसतो. ऑस्टिन वॉकर यांच्याबाबतीत मात्र ही साधी गोष्ट कित्येकांना पटली नाही. एक कृष्णवर्णीय माणूस संपादकाच्या खुर्चीत बसून डावपेचांच्या गेमची बारीक चिरफाड करतो आणि त्याच भागात पोलिसी हिंसेबद्दलही बोलतो, यातलं पहिलं त्यांना ऐकूच आलं नाही.

आता सूत्रसंचालकांनाही दोन शब्द सुनावतो, कारण मी त्यांची वकिली करायला बसलेलो नाही. सामाजिक विषय काढला म्हणजे काम झालं असं समजणारे पुष्कळ आहेत. ‘हे फार वाईट आहे, आपण याची नोंद घेतली पाहिजे’ एवढं गंभीर आवाजात म्हणायचं, क्षणभर थांबायचं आणि नव्या कॉन्सोलच्या किमतीकडे वळायचं. अशा निषेधाचा कुणाला काय उपयोग? ज्या स्टुडिओत माणसं पिळली गेली त्याच स्टुडिओच्या गेमवर पुढची चाळीस मिनिटं स्तुतिसुमनं उधळायची आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध लावायचा नाही, हे श्रोत्याला खटकतं आणि खटकलंच पाहिजे. खटला कुणी भरला, आरोप काय, कंपनीचं म्हणणं काय, निकाल काय लागला, हे वाचून यायला हवं. तयारी न करता गेमवर बोलणं जितकं वाईट तितकंच तयारी न करता कामगारांवर बोलणं वाईट.

हा दोष विषयाचा नाही, सूत्रसंचालनाचा आहे. त्याचा इलाज म्हणजे अधिक अभ्यास, अधिक नेमके प्रश्न आणि ज्यांच्यावर बोलतो त्यांना थेट बोलावणं. गप्प बसणं हा इलाज नव्हे. वेपॉइंटच्या तुरुंगविषयक लेखमालेत मला जे मोलाचं वाटलं ते हेच. पडद्यावरच्या तुरुंगाचे नियम आणि खऱ्या तुरुंगाचे नियम तिथं शेजारी ठेवून पाहिले होते. गेमच्या रचनेबद्दलचं बोलणं आणि समाजाबद्दलचं बोलणं तिथं एकच होतं. कोणत्याही पॉडकास्टकडून मी याच दर्जाची मागणी करतो.

वेपॉइंटचं पुढे काय झालं तेही ऐका. वॉकर २०२१ मध्ये गेम बनवणाऱ्या ‘पॉसिबिलिटी स्पेस’ या कंपनीत गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये ती कंपनीच बंद करण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये व्हाइसनं वेपॉइंट बंद करायचं जाहीर केलं. मे महिन्यात व्हाइसनं स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. आयुष्यभर इतरांच्या कपातींवर बोललेले पत्रकार स्वतः कपातीत सापडले. क्लेपेक, झॅक्नी आणि सहकाऱ्यांनी लगेच ‘रीमॅप’ सुरू केलं, श्रोत्यांच्या वर्गणीवर. ज्यांना ‘श्रोत्यांना हे नको आहे’ असं श्रोत्यांच्या वतीनं ठणकावून सांगायची सवय होती, त्यांना या वर्गणीदारांनी खिशात हात घालून उत्तर दिलं.

वेपॉइंटचं नाव मात्र मालकांकडे राहिलं आणि नंतर ते नव्या चमूसह पुन्हा सुरू झालं. २०२५ च्या उन्हाळ्यात पैसे चुकते करणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली स्टीम या ऑनलाइन दुकानातून प्रौढांसाठीचे कितीतरी गेम हटवले गेले. त्या दबावामागच्या मोहिमेवर वेपॉइंटच्या लेखिकेनं लेख लिहिले. ऑगस्टमध्ये मालक कंपनीनं ते लेख काढून टाकले. लेखिकेनं राजीनामा दिला, सोबत आणखी काहींनी दिला. हा विषय याहून अधिक गेमचा असू शकत होता का? कोणते गेम विकत घेता येतील आणि कोणते नाही, याचाच तो प्रश्न होता. तरीही तो मालकांना नकोसा झाला.

‘फक्त गेमबद्दल बोला’ या मागणीचा शेवट असा होतो. आधी स्त्रियांच्या अनुभवाचा विषय गेमबाहेरचा ठरतो, मग कामगारांचा, मग युद्धाचा, मग पैशाचा, आणि सरतेशेवटी गेमच विकत मिळत नाही हेही सांगता येत नाही. उरते ती जाहिरात. तारीख, किंमत, चकचकीत झलक आणि उत्साही आवाज. असं बोलणारी माणसं कंपन्यांकडे पगारावर भरपूर आहेत. स्वतंत्र पॉडकास्टनंही तेच करावं असं ज्यांना वाटतं ते श्रोत्यांची बाजू मांडत नाहीत. ते विक्रेत्यांचं काम फुकटात करतात.

म्हणून तक्रार करणाऱ्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे. सूत्रसंचालन वाईट असेल तर दाखवा. कोणत्या भागात, कुणी कुणाला तोडलं, कुठला गेम न खेळता मत दिलं, कुठली माहिती चुकली, ते सांगा. मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. पण विषय नकोसा आहे म्हणून बोलणाऱ्याचा आवाज वाईट ठरवू नका, बोलणारी स्त्री आहे म्हणून ती कर्कश ठरवू नका, बोलणारा कृष्णवर्णीय आहे म्हणून तो उपदेशक ठरवू नका. मला गेम आवडतात, म्हणूनच ते कोण बनवतं, कुणाच्या जिवावर बनतात आणि कोण ते बंद पाडतं हे मला ऐकायचं आहे. ज्यांना हे ऐकायचं नाही त्यांनी तसं उघडपणे, आपल्या तोंडानं म्हणावं. सूत्रसंचालनाच्या नावाखाली ते खपवणं आता बंद करावं.